एका रात्रीचा शेजार

इंग्लंडमध्ये वाहने डावीकडून धावतात. म्हणून तेथील कॅम्परव्हॅनचे, त्या फिरत्या घराचे, सरकते दार बहुधा डावीकडे, पदपथाच्या बाजूस असते. जर्मनीहून आणलेल्या गाडीचे दार उजवीकडे. मुक्कामाच्या तळावर अशा दोन गाड्या शेजारी लागल्या, की दारासमोर दार येऊ शकते. आगीच्या भयास्तव दोन बिऱ्हाडांत ६ मीटर अंतर राखण्याचा तेथे सर्वसाधारण नियम आहे. त्याने जीव राखला जातो. एकांत राखणे मात्र माणसावर सोपविलेले: गाडी उलट तोंडाने लावावी, रात्री जड दार हळू ओढावे.

सकाळी निघून जाणाऱ्या अनोळखी माणसासाठी हे कष्ट का घ्यावेत? आम्हांला वाटते, कायमच्या शेजाऱ्याशी आपण नीट वागतो, त्यात परतफेडीची आशा मिसळलेली असते. एका रात्रीच्या शेजाऱ्यापाशी ती नसते. म्हणूनच शेजारधर्माची खरी कसोटी तेथे लागते.