शिकण्याला निवृत्ती नाही



गेल्या पौर्णिमेला विहारातून परतताना माझ्या मुलीने मला एक प्रश्न विचारला. ती एका कचेरीत हिशेबाचे काम करते. तिचे निम्मे काम आता संगणकच करू लागला आहे आणि वरचेवर तिला नवी पद्धत शिकावी लागते. ती म्हणाली, "बाबा, माणसाने आयुष्यभर शिकतच राहायचे का? मग जगायचे केव्हा?" मी चटकन म्हणालो, "शिकलीस तर टिकशील." घरी आल्यावर मात्र हे उत्तर मला अपुरे वाटू लागले. ते का, हे आपणा सर्वांपुढे मांडतो.

माझे आजोबा मुंबईच्या एका कापड गिरणीत रिंग खात्यात होते. साचाखात्यात, म्हणजे विणाईत, मजुरी जास्त मिळे. पण तेथे आपल्या माणसांना मज्जाव होता. का? धोट्यातील कांडी संपली की नवी घालून सुताचे टोक छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या थुंकीने सूत बाटते, ही सबब! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला. पुढे १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, उद्योगधंदे कधीच एका जागी स्थिर राहत नाहीत. ते बदलले की माणसालाही धंदा बदलण्याची मोकळीक हवी. जात नेमकी हीच मोकळीक हिरावून घेते आणि म्हणून ती बेकारीचेही कारण ठरते.

यातून काय निष्पन्न होते? जन्माने वाट्याला आलेले एकच काम मरेपर्यंत करावे, हा जातिव्यवस्थेचा हुकूम. जो माणूस "माझे शिकणे संपले, मला एवढेच येते" असे म्हणतो, तो कोणी न सांगता तेच कुंपण स्वतःभोवती घालून घेतो. हे मी दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. मीच तो माणूस होतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांत मीही होतो. वय चोवीस, नुकतेच लग्न झालेले. गिरणी आज सुरू होईल, उद्या होईल, या आशेवर मी दोन वर्षे चाळीच्या पायरीवर बसून काढली. घर चालविले ते माझ्या पत्नीने, खाणावळीच्या पोळ्या लाटून. अखेर एका वायरमनच्या हाताखाली काम शिकू लागलो. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान होता. त्याला 'उस्ताद' म्हणताना जीभ अडखळे. हात शिकायला तयार होते, अहंकार तयार नव्हता. सर्व काही अनित्य आहे, ही तथागतांची शिकवण मी विहारात कितीदा तरी ऐकली होती. पण माझे खाते आणि माझे कसब हेही त्या 'सर्व काही'त मोडते, हे पटायला दोन वर्षे लागली.

मग "शिकलीस तर टिकशील" हे उत्तर अपुरे का? कारण माझ्या खात्यात पन्नाशी उलटलेले कितीतरी जण होते. कोणाची दृष्टी मंदावलेली, कोणाच्या छातीत कापसाची धूळ बसलेली. त्यांना शिकविणारे कोणी नव्हते आणि शिकून होईपर्यंत घरात दाणा नव्हता. त्यांना "तुम्ही शिकला नाहीत, आता भोगा" असे म्हणावे काय? तुमची दैना हे तुमच्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ, असे आपल्या वाडवडिलांना ऐकविले जाई. हा बोल त्याहून वेगळा आहे काय? नवे यंत्र जो आणतो, त्याच्यावर ते शिकविण्याची आणि तोवर माणूस जगविण्याची जबाबदारी येते. ती एकट्यादुकट्याने मागून मिळत नाही. बाबासाहेबांनी शिक्षणाच्या जोडीला संघटना सांगितली, ती उगाच नव्हे.

आणि उपदेश करणाऱ्या बापाचे काय? परवापर्यंत मी बँकेतील शिल्लक पाहण्यासाठी माझा मोबाईल गुप्त क्रमांकासह शेजारच्या मुलाच्या हाती देत होतो! आता रोज रात्री जेवणानंतर मुलगी मला शिकविते. चुकलो तर रागावते, मी ऐकून घेतो. तिने मला दोन नियम घालून दिले आहेत: बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालाही गुप्त क्रमांक सांगायचा नाही, आणि आलेला प्रत्येक संदेश खरा मानायचा नाही. केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला होता. तो मोबाईललाही लागू पडतो, हे मला माझ्या लेकीने शिकविले.

तिला मी नंतर असे सांगितले: "पोरी, तू दमतेस हे खरे आहे. शिकण्यासाठी कामातूनच वेळ मिळावा, म्हणून कचेरीतल्या सगळ्यांनी मिळून मागणी करा. पण शिकणे सोडू नकोस. तुझ्या पणजोबांना धोट्याला हात लावू दिला नव्हता. तुझ्यापुढचे यंत्र तुला कोणी नाकारलेले नाही. ते तू होऊन नाकारू नकोस."

आपल्या प्रत्येक घरात आठवड्यातून एक संध्याकाळ धाकट्यांनी थोरांना शिकवावे. ज्या घरात शिकविणारे कोणी नसेल, त्यांच्यासाठी विहाराचे दार उघडे ठेवावे. थोरांनी मात्र वयाचा मोठेपणा चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावा.

जय भीम!