बनावट हक्क आणि नकाशा

इतिहासकालीन राज्यकारभाराचे संगणकीय खेळ निव्वळ कालापव्यय होत, असे आम्ही मानीत नाही. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचा २०१३ साली निघालेला ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा खेळ घ्या. वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी, ११ नोव्हेंबर १४४४ रोजी, तो सुरू होतो. विजयनगर, बहामनी, पोर्तुगाल, हवे ते राज्य चालवावे. शिकण्यास आठवडे लागतात, परंतु कर्ज, वारसा, तह यांचे धागे एकमेकांत कसे गुंतले आहेत हे उमगू लागले की त्याची गोडी लागते.

आम्हां वकिलांचे लक्ष वेधते ते युद्धाचे निमित्त. निमित्तावाचून चढाई केल्यास राज्याचे स्थैर्य ढासळते. म्हणून चतुर खेळाडू हेरांकरवी शेजारच्या प्रांतावर बनावट हक्क उभा करतो. न्यायालयात जो गुन्हा, ते येथे कौशल्य! राजेरजवाड्यांची रीत तरी कोठे निराळी होती म्हणा.

मात्र एके ठिकाणी आमचा हात अडखळतो. प्रांतात धर्मप्रचारक धाडावा, खर्च सोसावा; महिन्यागणिक टक्के चढतात, शंभर भरले की प्रांताचा धर्म पालटतो. १५६० मध्ये श्रीमंगेशाला कुशस्थळीहून झुआरीपलीकडे, आदिलशाही मुलखातील प्रियोळास नेणाऱ्या माणसांना त्या आकड्यात जागा नाही. खेळाडू दुष्ट नसतो. त्याला कारभार नीट करावयाचा असतो, इतकेच. लिस्बनमध्ये बसून कागद चाळणाऱ्या अधिकाऱ्यालाही गोवा असाच दिसला असेल काय? आणि विजयनगर घेऊन खेळणारा आपल्याकडील तरुण तीच कळ निःशंकपणे दाबतो, तेव्हा त्याला तरी पलीकडची माणसे कोठे दिसतात?