सरकारी तिजोरी आणि घरचा पाळणा

इ. स. १९३४ मध्ये आल्वा आणि गुन्नार म्यूर्दाल या पतिपत्नींनी लोकसंख्येच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ स्वीडनमध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्या देशाचा जननदर युरोपातील अत्यंत अल्प दरांमध्ये गणला जात होता, आणि राष्ट्राच्या ऱ्हासाची भीती घालून स्त्रियांना नोकरीतून चुलीकडे परतविण्याची भाषा सनातनी मंडळी करीत होती. म्यूर्दाल दांपत्याने ती भीती मान्य केली, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष नेमका उलट होता: समाजाला जर अपत्ये हवी असतील, तर त्यांच्या पालनाचा खर्च समाजाने वाटून घ्यावा, आणि मातृत्व पत्करणाऱ्या स्त्रीला अर्थार्जनाचा हक्क गमवावा लागू नये. पुढील चार दशके स्वीडिश कायद्याने हीच दिशा धरली. विवाह वा गरोदरपण या कारणावरून स्त्रीला बडतर्फ करण्यास १९३९ मध्ये मनाई झाली. १९४८ पासून आईबापांची मिळकत न पाहता प्रत्येक मुलामागे भत्ता सुरू झाला. १९७१ मध्ये पतिपत्नींच्या उत्पन्नावर स्वतंत्र करआकारणी आली. आणि १९७४ मध्ये बाळंतपणाच्या रजेची जागा आईबापांपैकी कोणालाही घेता येणाऱ्या पालकरजेने घेतली.

या तरतुदींनी अपत्ये वाढली काय? या प्रश्नाला आकडे जे उत्तर देतात, ते उत्साही सुधारक आणि कडवा टीकाकार या दोघांचीही निराशा करणारे आहे. दोन अपत्ये ठरावीक मुदतीच्या आत झाल्यास दुसऱ्या रजेचा भत्ताही पहिल्याच पगाराच्या हिशेबाने द्यावा अशी तजवीज १९८० मध्ये झाली आणि १९८६ मध्ये ती मुदत ३० महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली. तेव्हा १९८३ च्या सुमारास दर स्त्रीमागे १.६ असलेला जननदर १९९० मध्ये २.१ वर गेला. पण या चढाचा मोठा अंश असा होता, की जे दुसरे मूल उशिरा व्हायचे ते लवकर झाले. आणि पाठोपाठ आर्थिक मंदी येताच तो दर १९९९ मध्ये १.५ पर्यंत उतरला, पुढे २०१० च्या सुमारास दोनाच्या जवळ गेला, आणि अलीकडे पालकरजा ४८० दिवसांची असूनही १.५ च्या खाली आला. सरकारी खजिना पाळण्याची वेळ बदलू शकतो आणि पाळण्याचे ओझे हलके करू शकतो. अपत्याची इच्छा मात्र त्याला निर्माण करता येत नाही.

ही इच्छा ज्या सहजीवनात आकार घेते, त्याचे स्वरूपही दरम्यान पालटले. स्वीडनमध्ये आज निम्म्याहून अधिक मुले अविवाहित मातांच्या पोटी जन्मतात, आणि त्यांतील बहुतेकांचे आईबाप एकाच घरात संसार करीत असतात. अशा जोडप्यांच्या घरादाराची वाटणी कशी व्हावी याचा कायदा तेथे १९८७ मध्येच झाला. याच्या उलट स्थिती दक्षिण कोरियाची. तेथे मातृत्वाची वाट अजूनही जवळजवळ सर्वस्वी विवाहातूनच जाते, आणि विवाह म्हणजे दिवसभर कचेरीत काम करून सायंकाळी सुनेची कर्तव्ये बजावणे, असा अनुभव असल्यामुळे शिकलेली तरुणी त्या उंबरठ्याशीच थबकते. सरकारने भत्त्यांवर अमाप द्रव्य खर्चूनही २०२३ मध्ये जननदर ०.७२ झाला. म्हणून विवाहबंधन सैल केले की पाळणे हलू लागतील, असेही समजू नये, कारण मोकळ्या सहजीवनाच्या स्वीडनमध्येही घसरण आलीच. एवढे खरे की, जेथे घरकामाची वाटणी जुनी राहिली आणि स्त्रीचे आयुष्य नवे झाले, तेथे ही घसरण अधिक तीव्र झाली.

इच्छा निर्माण होत नाही असे दिसताच राज्यसत्तेला सक्तीचा मोह होतो. हुकूमशहा चाउशेस्कूच्या रुमानियाने १९६६ मध्ये फर्मान काढून गर्भपात जवळपास बंद केला. जननदर एका वर्षात १.९ वरून ३.७ वर गेला आणि काही वर्षांत पुन्हा ओसरला, पण चोरून केलेल्या गर्भपातांत स्त्रिया मरत राहिल्या, आणि १९८९ च्या अखेरीस राजवट कोसळताच ते फर्मान रद्द झाले. स्वीडनही या बाबतीत निष्कलंक नाही. त्याच १९३४ साली तेथील संसदेने, संमती देण्यास असमर्थ ठरविलेल्या व्यक्तींची त्यांच्या संमतीवाचून नसबंदी करण्याचा कायदा मंजूर केला होता, आणि त्या विचाराला म्यूर्दाल दांपत्याचाही पाठिंबा होता. प्रजा ही मोजण्याची वस्तू मानली, की भत्ता देणारा हात आणि शस्त्र धरणारा हात एकाच सरकारचे असू शकतात.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. तिसरे अपत्य झाल्यास ग्रामपंचायतीचे सदस्यत्व गमवावे लागण्याची तरतूद आणि सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र हे नियम येथे आहेत, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा जननदर १.७ निघाला. उद्या येथेही संख्या वाढविण्याची हाकाटी सुरू झाली, तर आजचे नियम उलटे फिरवून दोनाऐवजी तिघांना बक्षीस देण्याचा मार्ग सोपा वाटेल. परंतु दोन्ही मार्गांत स्त्री ही सरकारी उद्दिष्टाचे साधनच ठरते. पाळणाघर, पालकरजा, नोकरीची शाश्वती आणि विवाहित-अविवाहित मातांच्या मुलांना समान हक्क यांचा खर्च जननदर चढला तरच वसूल झाला असे मानणारे सरकार, तो दर उतरताच या सवलतींना कात्री लावील. म्हणून या सवलती न्यायाच्या पायावर उभ्या असाव्यात, आणि किती मुले हवीत हा निर्णय ज्यांना ती वाढवायची आहेत त्यांच्याकडेच राहावा.