शिष्याकडून पराभव

शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी इच्छा गुरूनें धरावी, असें आपल्याकडे फार पूर्वींपासून सांगत आले आहेत. एखादा प्राध्यापक निवृत्त होतो तेव्हां निरोपाच्या सभेंत हें वचन हटकून कानांवर येतें, आणि श्रोते माना डोलावतात. आम्हींहि अनेकदां मान डोलावली आहे. परंतु त्या सभेंत हें वचन पटणें सोपें असतें. कारण त्या दिवशीं गुरूपाशीं गमावण्यासारखें कांहीं उरलेलेंच नसतें. खरा प्रश्न निराळा आहे. ज्याची जागा अद्याप त्याच्याच ताब्यांत आहे, ज्याची चूल त्या जागेवर पेटते, त्यानेंहि ती जागा घेऊं पाहणाऱ्या तरुणाला आपली सारी विद्या द्यावी काय? आणि तो ती न देईल, तर त्यास कृपण म्हणण्याचा अधिकार कोणाला?

ह्या प्रश्नाच्या विचारासाठीं आम्ही वाचकांस एका अनपेक्षित ठिकाणीं नेणार आहों. तें ठिकाण म्हणजे रग्बीचें मैदान. आम्हीं जन्मांत तो लांबट चेंडू हातीं धरलेला नाहीं. चिरंजीवांच्या आग्रहामुळें दूरचित्रवाणीवर तो खेळ पाहूं लागलों, इतकाच आमचा अधिकार. पण पाहतां पाहतां असें ध्यानांत आलें कीं, वडील व धाकट्या पिढीमधला जो व्यवहार इतरत्र शिष्टाचाराच्या पडद्याआड चालतो, तो येथें उघड्यावर चालतो.

हा खेळ पैशासाठीं खेळावयाचा नाहीं, असा त्याच्या चालकांचा फार दिवस आग्रह होता. उत्तर इंग्लंडमधील क्लबांत खाणींत व गिरण्यांत राबणारे पुष्कळ खेळाडू असत. सामन्यापायीं बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यांस द्यावी कीं नाहीं, ह्या वादावरून १८९५ च्या ऑगस्टमध्यें ते क्लब फुटून निघाले व त्यांतून पुढें रग्बी लीग हा वेगळा खेळ निर्माण झाला. मूळच्या रग्बी युनियननें हौशीपणाचें व्रत आणखी शंभर वर्षें चालवलें आणि १९९५ च्या ऑगस्टमध्यें तें सोडलें. तोंपर्यंत न्यूझीलंडच्या कॉलिन मीड्ससारखा विख्यात खेळाडूहि शेतकरीच असे. संघांतली जागा गेली तर त्याचा मान जाई, शेत जात नसे. आतां जागेबरोबर करार जातो, आणि कराराबरोबर घरचा पगार. जुन्या काळच्या प्रौढ खेळाडूनें नवख्यास हात दिला तर तें सौजन्य होतें. आजच्या खेळाडूनें तसें करणें म्हणजे स्वतःच्या ताटांतला घास देणें आहे.

असें असूनहि ह्या संघांत वीस वर्षांचा पोरगा व पस्तीस वर्षांचा गृहस्थ यांची मैत्री जमतांना दिसते. ती कशी जमते? त्याचें एक उत्तर स्क्रम ह्या प्रकारांत आहे. दोन्ही बाजूंचे आठ आठ गडी वांकून, एकमेकांस घट्ट धरून, समोरच्यांस खांद्यानें रेटतात. पहिल्या रांगेंत तिघे असतात. साऱ्या रेट्याचा ताण त्यांच्या मानेवर व पाठीच्या कण्यावर. हें काम नुसत्या बळाचें नव्हे. पाऊल कोठें रोवावें, पाठ किती सरळ धरावी, समोरच्याचा डाव केवळ खांद्याच्या स्पर्शावरून कसा ओळखावा, हें शिकण्यास वर्षें लागतात. म्हणूनच ह्या रांगेंतले गडी तिशीकडे झुकल्यावर पिकतात. अशा रांगेंत नवखा मुलगा आला आणि शेजारच्या प्रौढ गड्यानें त्याला कांहीं शिकवलें नाहीं, तर स्क्रम कोसळेल व त्याखालीं दोघांच्याहि माना सांपडतील. येथें शिकवण्याला औदार्य म्हणण्याचें कारण नाहीं. तो आत्मसंरक्षणाचाच एक प्रकार आहे. संकट एकत्र भोगावें लागतें, म्हणून विद्याहि एकत्र वांटली जाते.

पण त्याच संघांत दहा क्रमांकाची एक जागा आहे. खेळाची दिशा ठरवणारा व बहुधा गोलावर लाथ मारणारा तो एकटाच. तेथें खांद्याला खांदा लावणारा शेजारी नाहीं. आहे तो फक्त बाकावर बसून वाट पाहणारा वारस.

आयर्लंडच्या रोनन ओगारानें ही जागा अनेक वर्षें सांभाळली होती. २१ मार्च २००९ रोजीं कार्डिफ येथें अखेरच्या मिनिटांत त्यानें मारलेल्या लाथेमुळें आयर्लंडनें वेल्सवर १७–१५ असा विजय मिळवला, आणि एकाच हंगामांत सर्व प्रतिस्पर्ध्यांस हरवण्याचा मान त्या देशास १९४८ नंतर प्रथमच लाभला. ओगारा तेव्हां बत्तीस वर्षांचा होता. बरोबर सहा आठवड्यांनीं डब्लिनच्या क्रोक पार्कवर, ८२,२०८ प्रेक्षकांसमोर, त्याचा मन्स्टर संघ व शेजारच्या प्रांताचा लेन्स्टर संघ यांची गांठ पडली. लेन्स्टरचा नेहमीचा गडी जखमी झाल्यामुळें तेवीस वर्षांचा जॉनी सेक्स्टन मैदानांत उतरला. त्याच्या सोबत्यानें चेंडू रेषेपार टेकवला, तेव्हां जमिनीवर पडलेल्या ओगाराच्या तोंडासमोर जाऊन हा तरुण ओरडला. लेन्स्टरनें सामना २५–६ असा जिंकला. त्या क्षणाचें छायाचित्र आयर्लंडमध्यें प्रसिद्धच आहे.

पुढें २०१३ पर्यंत हे दोघे राष्ट्रीय संघांत एकत्र होते. एकाच खोलींत कपडे बदलावयाचे, आणि सामन्याच्या आरंभीं दहा क्रमांकाचा सदरा मात्र एकानेंच घालावयाचा. त्या काळांत दोघांत फारसें सख्य नव्हतें, ह्यांत नवल नाहीं. मग २०१३ सालीं ओगारा निवृत्त झाला व पॅरिसच्या रासिंग क्लबांत शिक्षक म्हणून गेला. त्याच क्लबांत, त्याच वर्षीं, सेक्स्टन खेळाडू म्हणून आला. परक्या भाषेच्या मुलखांत दोन आयरिश माणसें एकमेकांना सांपडलीं, आणि जुन्या वैराचा स्नेह झाला. दहा वर्षांनीं, सप्टेंबर २०२३ मध्यें, ओगाराचा १०८३ गुणांचा आयरिश उच्चांक अडतीस वर्षांच्या सेक्स्टननें मोडला. इकडे ओगाराच्या शिकवणुकीखालील ला रोशेल संघानें २०२२ व २०२३ अशा लागोपाठ दोन वर्षीं युरोपीय अंतिम सामन्यांत सेक्स्टनच्या लेन्स्टरलाच हरवलें होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. गुरूनें शिष्याकडून पराभव इच्छावा हें ठीक, पण त्यासाठीं लढणें सोडावें असें कोणी म्हटलेलें नाहीं. सेक्स्टनहि आतां निवृत्त झाला आहे, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून तो त्याच जागेसाठीं झटणाऱ्या तरुणांस लाथ मारण्याची कला शिकवूं लागला.

कथा गोड आहे. पण चिकित्सक वाचक विचारील, ओगारानें विद्या दिली ती केव्हां? सदरा उतरवल्यावर. मग ही निरोपाच्या सभेचीच गोष्ट झाली! हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. स्नेह जुळला तो स्पर्धा संपल्यावर. ह्याचा दोष आम्ही त्या दोघांस देत नाहीं. मनुष्यस्वभाव इतकाच आहे. परंतु ह्यावरून जे म्हणतील कीं, स्पर्धा चालूं असतां दान अशक्य, त्यांनीं दोन गोष्टींची गल्लत केली असें आम्ही म्हणूं. जागेसाठीं झुंजणें ही एक गोष्ट, आणि विद्या दडवणें ही दुसरी. वडीलधाऱ्यानें दयेपोटीं जागा सोडणें हा तरुणाचा अपमान व संघाशीं केलेली प्रतारणा होय. त्यानें सर्व शक्तीनिशीं झुंजावें. पण विद्या त्याची एकट्याची केव्हां होती? तीहि कोणा पूर्वीच्यानेंच, कदाचित् असाच जीव घट्ट करून, त्याला दिलेली असते. जागा ही तात्पुरती नेमणूक. विद्या ही ठेव. ठेवीवर बसून नेमणूक टिकवणें ह्यास झुंज म्हणत नाहींत.

हें आम्ही मोठ्या तोऱ्यानें लिहीत आहों, म्हणून एक कबुलीहि दिली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या विभागांत एक तरुण सहकारी आला. पदव्युत्तर वर्गाचा नीतिशास्त्राचा तास तेव्हां आमच्याकडे होता, व तो एकालाच मिळतो. एके दिवशीं त्यानें नम्रपणें विचारलें, "सर, आपल्या टांचणांच्या वह्या पाहावयास मिळतील का?" आम्हीं म्हटलें, "शोधून ठेवतों." वह्या त्याच टेबलाच्या खणांत होत्या. तो क्षणभर थांबला, आभार मानून गेला, आणि पुन्हां त्यानें त्या मागितल्या नाहींत. दोन वर्षांनीं तो दुसऱ्या महाविद्यालयांत गेला. आमचा तास आमच्याकडेच राहिला. नीतिशास्त्राचा तास अशा रीतीनें राखणाऱ्यास वर्गांत उभें राहतांना काय वाटत असेल, तें वाचकांनींच ताडावें.

रग्बीचा एक नियम आम्हांस त्या दिवसापासून फार बोचतो. चेंडू हातांत असतां पुढें धांवतां येतें, पण तो हातानें पुढें फेंकतां येत नाहीं. द्यावयाचा तर बाजूच्या किंवा मागून येणाऱ्याच्याच हातीं द्यावा लागतो. आणि जाणता खेळाडू तो लवकर सोडीत नाहीं. प्रतिस्पर्धी अंगावर येऊन आदळेपर्यंत तो थांबतो, आणि त्याच क्षणीं देतो. त्यामुळें धक्का देणाराला बसतो व वाट घेणाराला मोकळी मिळते. धक्का टळल्यावर दिलेल्या चेंडूचा कोणाला फारसा उपयोग नसतो.

येत्या जूनमध्यें आमच्या विभागांत पुन्हां एक तरुण येणार आहे. आमच्या निवृत्तीस अजून चार वर्षें आहेत. म्हणजे देण्याला अद्याप कांहीं किंमत आहे. वह्या आम्हीं खणांतून काढून टेबलावर ठेवल्या आहेत. ह्या वेळीं त्यानें मागण्याची वाट पाहूं नये, असें आम्हीं ठरवलें आहे.