मॉडर्नायझर

'मॉडर्नायझर' या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणावे, असे मुले वर्गात विचारतात. 'आधुनिक बनवणारा' असे मी सांगतो खरा, पण माझेच समाधान होत नाही. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते; विद्वत्तेचा दावा नाही. या शब्दामागचा प्रश्न मात्र तुमच्याआमच्या घरातला आहे.

'मॉडर्न'चे मूळ लॅटिन 'मोडो', म्हणजे 'आत्ताच'. आपला 'आधुनिक'ही संस्कृत 'अधुना'वरून आला; त्याचाही अर्थ 'आता'. दोन्ही शब्द काळ सांगतात, बरेवाईट सांगत नाहीत. अठराव्या शतकातला इंग्रज जुने घर किंवा जुनी वर्णरचना 'मॉडर्नाइझ' करी, तेव्हा ते का केले याचे समर्थन त्याला द्यावे लागे. विसाव्या शतकात पारडे फिरले. नवे आपोआप चांगले ठरले आणि जाब जुन्याला विचारला जाऊ लागला. ब्रिटनच्या मजूर पक्षात टोनी ब्लेअर यांचा गट स्वतःला 'मॉडर्नायझर' म्हणवीत असे. उत्पादनाच्या साधनांवर समाईक मालकी हवी, हे पक्षाच्या घटनेतले जुने कलम त्यांनी १९९५ साली बदलून घेतले. ते योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण एका बाजूने हे नाव घेतले की दुसरी बाजू न बोलताच जुनाट ठरते.

रशियाच्या पीटर बादशहाने १६९८ साली सरदारांच्या दाढ्या स्वतःच्या हाताने कापल्या. चेहरे आधुनिक झाले. जमिनीला जखडलेल्या शेतकऱ्याची सुटका व्हायला मात्र १८६१ साल उजाडले.

आपल्याकडे आगरकरांनी १८८८ साली पत्र काढले, त्याचे नाव 'सुधारक'. या शब्दात ऐकणाऱ्याला आधी 'सु' ऐकू येतो. म्हणजे नुसते नवे आणून भागत नाही, ते चांगले आहे हेही दाखवावे लागते. शिवाय आपले 'सुधारणे' दोन्हीकडे चालते: मुलगा अक्षर सुधारतो आणि मुलगा स्वतःही सुधारतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली स्वतः विधवेशी विवाह केला, मुरूड गावाचा बहिष्कार सोसला आणि मग १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. आधी स्वतःचे घर, मग समाज, असा तो क्रम होता. किंमतही त्यांनीच मोजली.

म्हणून मला वाटते, मॉडर्नायझर कोण हे ठरवताना त्याने काय नवे आणले एवढेच पाहू नये. त्याची झळ कुणाला बसली आणि सुख कुणाला लाभले, हेही पाहावे. आपल्या स्वयंपाकघरात चुलीच्या जागी गॅस आला, पाट्यावरवंट्याच्या जागी मिक्सर आला. धूर गेला, हे फार चांगले झाले. पण चकल्यांसाठी पहाटे चारला उठणारी बाई बहुतेक घरांत अजून तीच आहे. घर आधुनिक झाले. तिच्या वाट्याचा 'आता' यायचा राहिला आहे.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत घरात कुणी स्वतःला आधुनिक म्हणवून घेत असेल, तर त्याने पहाटेचा गजर आपल्या उशाशी लावावा.