उदास आणि उदासीन

माउली, ‘उदास’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. संतवाङ्मयात उदास म्हणजे अनासक्त. गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘उदासीन’ हे भक्ताचे लक्षण सांगितले आहे. पण तिथेच तो भक्त व्यथामुक्तही आहे. डॉक्टर ज्याला डिप्रेशन, म्हणजे नैराश्य म्हणतात, त्यात मात्र व्यथाच उरते. बाहेरून दोघे सारखेच दिसतात: बोलणे कमी, कशात मन नाही. म्हणून आपण कधी ‘वैराग्य आले’ असे कौतुक करतो, तर कधी ‘नामात कमी पडला’ असा दोष देतो.

मग ओळखावे कसे? विरक्ताची विषयांची ओढ सुटते, पण नामाची गोडी आणि माणसांचा कळवळा वाढतो. नैराश्यात गोडीच आटते. टाळ हातात असतो, कीर्तन मनापर्यंत पोचत नाही.

वैद्यकातली खूण अशी: मन खिन्न असणे किंवा कशातच रस न वाटणे, यांपैकी एक तरी निदान २ आठवडे, जवळजवळ रोज. सोबत झोप बिघडणे, भूक बिघडणे, थकवा, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे किंवा बेचैनी, स्वतःला निकामी वा अपराधी मानणे, मरणाचे विचार. या ९ पैकी ५ लक्षणे असली आणि रोजचे जगणे अडले, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. थायरॉइडच्या विकारात किंवा रक्त कमी झाल्यावरही असेच वाटू शकते. म्हणून निदान तपासणीनेच व्हावे, आपल्या तर्काने नव्हे.

आता धर्माचा प्रश्न. अशा माणसाला ‘नाम घे, सगळे ठीक होईल’ म्हणावे का? नाम घ्यायला अडचण कसलीच नाही. पण ते ठपका म्हणून सांगितले, तर आधीच स्वतःला अपराधी मानणाऱ्यावर आपण आणखी एक अपराध लादतो. तो अपराधभाव हेच तर आजाराचे लक्षण! वारीत कुणाच्या पायाला फोड आला, तर आपण त्याची श्रद्धा तपासत नाही, मलम लावतो. मनाच्या जखमेला वेगळा न्याय का?

म्हणून शेजारी बसा, ऐका. ‘जीव नकोसा वाटतो का?’ हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे सोडू नका. शासनाची ‘टेली मानस’ सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य आहे. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर धीर द्या, औषध मधेच सोडू देऊ नका. आणि पहिल्या दिवशी दवाखान्यात त्याच्यासोबत आपणही जा.