हजेरीपटावरचा कोयता

शाळेच्या प्रकल्पासाठी ‘दुर्लक्षित सामाजिक प्रश्न निवडा’ असं सांगितलं की मुलं प्लास्टिक, मोबाईलचे दुष्परिणाम नाहीतर ‘पाणी वाचवा’ यांतलं काहीतरी उचलतात. तक्ते दुकानात तयार मिळतात. ज्याचा तक्ता तयार मिळतो तो प्रश्न दुर्लक्षित कसा, हे कुणी विचारत नाही. समजा, बीड जिल्ह्यात धारूरकडच्या एखाद्या शाळेतल्या आठवीच्या वर्गानं वेगळंच ठरवलं : आपल्यातली जी मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, त्यांच्या शिक्षणाचं काय होतं, हाच आपला विषय. मी या मुलांच्या बाजूनं आहे. पण वर्गशिक्षक सहजासहजी हो म्हणणार नाहीत, आणि त्यांच्या शंका उडवून लावण्यासारख्या नाहीत.

“यात दुर्लक्षित काय आहे?” ते विचारतील. “दर हंगामात पेपरात येतं. 2019 मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून केवढा गदारोळ झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीसुद्धा नेमली गेली.” खरं आहे. पण गाजली ती शस्त्रक्रिया. तिच्यामागचा हिशेब तसाच राहिला. टोळी जमवणारा मुकादम हंगामाआधी आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, देतो ती माणसाला नव्हे, कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांतलं एक जरी फडात उतरलं नाही तरी खाडा पडतो आणि त्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात. अशा कामात पाळीतलं दुखणंही महाग पडतं. मूलही याच हिशेबात ओढलं जातं. अंधारात आईबाप फडाकडे गेले की कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, तान्ह्याला सांभाळायला, पाणी भरायला कुणीतरी लागतं. ती बहुधा थोरली मुलगी असते. मजुरी टनावर मिळते, त्यामुळे थोडा हाताशी आलेला मुलगा मोळ्या बांधायला लागतो. या साखळीचं शेवटचं टोक तेवढं वर्गाला दिसतं, आणि त्याचं नाव हजेरीपटावर ‘गैरहजर’ असं पडतं. माहीत असलेली गोष्ट चुकीच्या रकान्यात नोंदली जाते, तिथं ती खरी दुर्लक्षित होते. असा प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. शहरातल्या वर्गाला बांधकामाच्या साइटवरून आलेल्या मुलांमध्ये तो सापडेल.

“पण साखर कारखाना आला की राजकारण आलं.” येऊ दे की! 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 चा, तो लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. गावी मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. बरोबर जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवलं की मुक्कामाजवळच्या शाळेनं मुलाला बसवून घ्यायचं. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात टोळीचा तळ आज या शिवारात तर महिन्यानं दुसऱ्या, आणि टोळी कर्नाटकात गेली तर पुढ्यात कन्नड शाळा. आपल्या वर्गातल्या किती जणांना कार्ड मिळालं, ते कुठल्या शाळेनं पाहिलं, परत आल्यावर बुडालेला अभ्यास कुणी घेतला, हे विचारणं राजकारण असेल तर नागरिकशास्त्राचं पुस्तकही शाळेत आणायला नको.

शिक्षकांची तिसरी शंका मात्र जड आहे. “ज्यांच्याविषयी बोलणार ती मुलं याच बाकांवर बसतात. त्यांची गरिबी पडद्यावर दाखवायची, टाळ्या घ्यायच्या आणि गुण दुसऱ्याच्या खात्यात. हे कुठल्या न्यायात बसतं?” बसत नाही. कोपीचे फोटो, मळक्या फ्रॉकातली मुलगी, मागं करुण संगीत, असं सादरीकरण होणार असेल तर प्लास्टिकबंदी परवडली. पण म्हणून विषयच टाकायचा म्हटलं तर त्या मुलांचं मौन आपण परस्पर ठरवून टाकतो, त्यांना न विचारताच. वाट दोन्हींच्या मधून काढता येते. माणसाचं दुःख नव्हे, व्यवस्थेचं काम तपासायचं : पट, कार्ड, वसतिगृह, उचल. कुणाचं नाव नाही, कुणाचं घर नाही. ज्याला बोलायचं असेल त्यानं स्वतः बोलावं, नसेल त्याला कुणी आग्रह करू नये. एवढं करूनही टोचणी उरते, कारण गुण शेवटी बोलणाऱ्यालाच मिळणार. तिच्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही; शिक्षकांनी या प्रकल्पाचे गुण सगळ्या वर्गाला सारखे द्यावेत, एवढंच सुचतं.

“आणि उपाय? आठवीतली पोरं काय उपाय सांगणार?” काहीच नाही सांगितला तरी चालेल. ‘आपण सर्वांनी जागरूक व्हायला हवे’ ही शेवटची स्लाइड तर मुळीच नको; तिनं कुणाचंच काही अडत नाही. त्याऐवजी शोधूनही न सापडलेली माहिती मुलांनी प्रश्नांच्या रूपात लिहावी आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यावी. तेरा वर्षांच्या मुलाला तेवढं नक्की जमतं.

फक्त तारीख ठरवताना शिक्षकांनी एक पाहावं. प्रकल्पांचं सादरीकरण डिसेंबर-जानेवारीत ठेवलं तर ज्यांच्याविषयी बोलायचं ती मुलं तेव्हा फडात असतील. ते ऑगस्टमध्ये ठेवा. तेव्हा ती गावात असतात.